अभ्यासाची फाइल : अक्षर आणि अक्षराचे चित्र

तापी नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी, सुरत शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, हजीऱ्याचा औद्योगिक पट्टा पसरलेला आहे. समुद्रातून आलेला नैसर्गिक वायू शुद्ध करणारा ओएनजीसीचा प्रकल्प, कृभकोचा खत कारखाना, रिलायन्सचे पेट्रोरसायन संकुल, लार्सन अँड टुब्रोची अवजड यंत्रांची कार्यशाळा, २००५ साली सुरू झालेले द्रवरूप वायूचे टर्मिनल आणि डिसेंबर २०१९ मध्ये एस्सारकडून आर्सेलरमित्तल व निप्पॉन स्टील यांच्याकडे गेलेला पोलाद प्रकल्प, इतके सारे या एका पट्ट्यात आहे. उत्तर भारतात वायू नेणारी हजीरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीही येथूनच निघते. अशा ठिकाणी काम तीन पाळ्यांत चालते आणि कामावर असलेला माणूस शिकतोही पाळीच्या हिशेबानेच, म्हणजे बसच्या प्रवासात, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, किंवा रात्रपाळी संपवून झोप काढल्यानंतर दुपारी मिळणाऱ्या तास-दीड तासात.

सुरतेत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून तापीकाठच्या रेल्वेमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली या भागांत स्थिरावली, आणि सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमही टिकून राहिले. या शाळांतून शिकून पुढे आयटीआय किंवा पदविका करून कारखान्यात लागलेल्या तरुणापुढे आज शिकण्याच्या अनेक वाटा खुल्या आहेत. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून सुरू केलेल्या एनपीटेलवर अभियांत्रिकीची व्याख्याने आहेत व त्यांतील काहींची लिखित रूपे मराठीतही मिळतात. २०१७ पासून स्वयम् हे केंद्र शासनाचे व्यासपीठ चालू आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोशावर पाठ्यघटक साठवलेले आहेत. आयटीआयच्या व्यवसायांसाठी भारत स्किल्स हे संकेतस्थळ आहे. साहित्य भरपूर आहे आणि बहुतांशी विनामूल्य आहे. ते मोबाइलच्या पडद्यावर नीट वाचता येते की नाही, हे मात्र ते कोणत्या स्वरूपाच्या फाइलीत बांधलेले आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते.

फाइलचे स्वरूप, म्हणजे रूढ शब्दांत फॉरमॅट, ही माहिती साठवण्याची ठरावीक पद्धत असते. एकच धडा चार निरनिराळ्या फॉरमॅटमध्ये साठवला तर त्यातील मजकूर तोच राहतो, परंतु तो पडद्याच्या मापाप्रमाणे आकार बदलेल की नाही, त्यात शब्द शोधता येईल की नाही, तो मोठ्याने वाचून घेता येईल की नाही, आणि तो किती जागा व किती डेटा खाईल, हे सारे बदलते. मजकूर साठवण्याच्या पद्धतींचे दोन मोठे वर्ग पडतात. पहिल्यात पान ठरलेले असते आणि अक्षरे त्या पानावरील आपापल्या जागी खिळलेली असतात. दुसऱ्यात मजकूर प्रवाही असतो, म्हणजे पडद्याची रुंदी पाहून ओळी नव्याने मांडल्या जातात.

पहिल्या वर्गाचा प्रमुख प्रतिनिधी पीडीएफ होय. अॅडोबी कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ या नावाने मांडलेल्या कल्पनेतून तो जन्माला आला, १९९३ मध्ये बाजारात आला आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला गेला. कोणत्याही संगणकावर उघडले आणि कोणत्याही छपाईयंत्रावर छापले तरी पान हुबेहूब तसेच दिसावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो पूर्णपणे साधला गेला आहे. अडचण निर्माण होते ती या यशातूनच. अभ्याससाहित्याचे पान बहुधा ए-४ मापाचे, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद असते, तर हातातल्या मोबाइलचा पडदा उभा धरल्यास सुमारे ७० मिलिमीटर रुंद भरतो. पान पूर्ण रुंदीने दाखवायचे तर ते एक तृतीयांश होते आणि १२ पॉइंटात टाइप केलेले अक्षर ४ पॉइंटाचे उरते. देवनागरीत रेषेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असतात, त्यामुळे इतक्या लहान मापात रोमन लिपीपेक्षा ती लवकर अवाचनीय होते. पान मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते, जे हलत्या बसमध्ये दहा मिनिटेही करवत नाही. फोन आडवा धरला तर रुंदी दुपटीच्या आसपास जाते व अक्षर आठ पॉइंटांच्या पुढेमागे येते. एवढ्यावर वाचन जमू शकते, म्हणून पीडीएफखेरीज दुसरा पर्याय नसेल तेव्हा फोन आडवा धरणे हा साधा उपाय उपयोगी पडतो.

पीडीएफ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी वावरतात, आणि मराठी वाचकाचे खरे नुकसान येथे होते. काही पीडीएफ म्हणजे छापील पानांची केवळ छायाचित्रे असतात. ए-४ पान दर इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केले तर त्यात सुमारे ८७ लाख ठिपके भरतात आणि संकोचन करूनही एका पानामागे काहीशे किलोबाइट सहज लागतात. त्याच पानावरील दोन हजार अक्षरचिन्हे युनिकोडच्या प्रचलित पद्धतीने, प्रत्येकी तीन बाइट धरून, साठवली तर सहा किलोबाइटमध्ये मावतात. स्कॅन केलेल्या पानावर माणसाच्या डोळ्याला शब्द दिसतात, यंत्राला मात्र काळे-पांढरे ठिपकेच दिसतात, म्हणून त्यात शोध घेता येत नाही, अक्षर मोठे करून ओळी नव्याने मांडता येत नाहीत, आणि दृष्टी अधू असलेल्या विद्यार्थ्याला तर त्या फाइलचा काहीच उपयोग होत नाही. गटांमध्ये फिरणारी टिपणांची छायाचित्रे याहूनही वाईट अवस्थेत पोहोचतात, कारण व्हॉट्सअॅपवर ती फोटो म्हणून पाठवली की आपोआप दाबली जातात आणि बारीक अक्षरे पुसट होतात; तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ दर्जा टिकतो.

दुसऱ्या प्रकारच्या पीडीएफमध्ये अक्षरे असतात, पण ती अक्षरांच्या वेशातील दुसरीच चिन्हे असतात. युनिकोड घरोघर पोहोचण्यापूर्वी मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी, सुरेख अशा फॉन्टांमध्ये टाइप केला जाई. त्यांतील अनेकांत रोमन अक्षरांसाठी राखलेल्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षरच असे, फक्त पडद्यावर त्याच्या जागी काना किंवा वेलांटी रंगवली जाई. असा मजकूर पीडीएफमध्ये फॉन्टसह बंद केला तर तो सुबक दिसतो, परंतु त्यातील परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची निरर्थक माळ हाती येते. महाराष्ट्रातील पुष्कळ जुनी क्रमिक पुस्तके, शासकीय नियमावल्या आणि तांत्रिक मार्गदर्शिका आजही अशाच अवस्थेत आहेत. ज्ञान मराठीत लिहिले गेले, छापले गेले, पण यंत्राला वाचता येईल अशा रीतीने साठवले गेले नाही, ही मराठीची मोठी हानी आहे आणि ती भरून काढण्याचे काम अजून फार थोडे झाले आहे.

तिसरा प्रकार युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराच्या पीडीएफचा. येथे तरी सारे सुरळीत असावे अशी अपेक्षा असते, परंतु पीडीएफ मुळात पानावर आकृत्या कुठे काढायच्या याची नोंद ठेवतो आणि देवनागरीत आकृत्यांचा क्रम व अक्षरांचा क्रम एक नसतो. ‘निर्मिती’ या शब्दात पहिली वेलांटी डोळ्याला न-च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती न-नंतर साठवलेली असते. रफार मि-च्या डोक्यावर दिसतो, पण साठवणीत त्याचा र म-च्या आधी येतो. पीडीएफ तयार करणाऱ्या प्रणालीने प्रत्येक आकृतीमागे मूळ अक्षर कोणते याची जोडयादी नीट लिहिली नसेल, तर पानावर ‘वाफनिर्मिती’ स्वच्छ दिसत असूनही तो शब्द शोधल्यावर सापडत नाही, आणि वाचून दाखवणारी प्रणाली त्याचा उच्चार तुकड्यातुकड्याने करते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्या तर याहूनही अवघड, कारण मराठीचा हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, एक स्वतंत्र ऱ वापरून आणि दुसरी साध्या र-ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. लेखकाने एक रीत वापरली आणि शोधणाऱ्याच्या कळफलकाने दुसरी वापरली तर ‘दुसऱ्या पाळी’चा उल्लेख दहा वेळा आलेल्या प्रकरणातही तो सापडत नाही.

म्हणून मराठी अभ्याससाहित्याची पीडीएफ फाइल पूर्ण उतरवून घेण्याआधी तिची परीक्षा करावी, आणि ती दोन मिनिटांत होते. वेलांटी, रफार आणि ऱ्य ही तिन्ही असलेले दोन-तीन शब्द फाइलच्या शोधचौकटीत टाकून पाहावेत, एक परिच्छेद उचलून संदेशाच्या चौकटीत चिकटवावा, आणि फोनमधील मोठ्याने वाचण्याची सोय सुरू करून दोन ओळी ऐकाव्यात. तिन्ही गोष्टी जमल्या तर फाइल चांगली समजावी. छायाचित्रासारखी असलेली फाइल हाती आली तर अक्षर-ओळख, म्हणजे ओसीआर, हा मार्ग राहतो. टेसरॅक्ट या मुक्त प्रणालीत मराठीची सोय आहे आणि गूगल ड्राइव्हवर फाइल डॉक्युमेंट म्हणून उघडूनही मजकूर काढता येतो. स्वच्छ छपाईवर ती बरेच काम देते, मात्र जोडाक्षरे, आकडे आणि सूत्रे यांत ती चुकते, त्यामुळे अशा मजकुरातील प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

प्रवाही मजकुराच्या वर्गात एचटीएमएल आणि ईपब ही दोन स्वरूपे येतात. एचटीएमएल ही संकेतस्थळांच्या पानांची भाषा आहे. ईपब म्हणजे त्याच भाषेत लिहिलेली प्रकरणे, चित्रे आणि अनुक्रमणिका एका दाबलेल्या गठ्ठ्यात बांधून केलेले पुस्तक होय. त्याचे पहिले रूप २००७ मध्ये ठरले, तिसरे २०११ मध्ये, आणि २०१७ पासून त्याची देखभाल वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था करते. ईपबमध्ये वाचक अक्षराचे माप हवे तेवढे वाढवतो आणि ओळी पडद्याच्या रुंदीत बसतात. रात्री पार्श्वभूमी काळी करता येते. वाचन जिथे थांबले ती जागा लक्षात राहते. आणि एकदा उतरवून घेतल्यावर नेटवर्क लागत नाही. बसच्या वाटेवर मधे मधे रेंज जाते अशा ठिकाणी ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची ठरते. चित्रे नसलेले दोनशे पानांचे पुस्तक, वरच्या हिशेबाने, दाबण्याआधीच बारा लाख बाइट भरते, म्हणजे एका चांगल्या छायाचित्राएवढीसुद्धा जागा ते अनेकदा घेत नाही.

प्रवाही स्वरूपात मजकुराची भाषा कोणती हे नोंदवता येते, आणि मराठीला त्याचा एक विशेष लाभ होतो. महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणे प्रमाण मानली आहेत, तर हिंदीत या अक्षरांची वळणे वेगळी असतात. दोन्हींचे युनिकोड संकेतांक मात्र एकच आहेत, त्यामुळे कोणते वळण दाखवायचे हे फॉन्टला ठरवावे लागते. फाइलमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद असेल आणि फॉन्टात ती सोय असेल, तर मराठी वळण आपोआप येते, आणि वाचून दाखवणारी प्रणालीही हिंदीऐवजी मराठी आवाज निवडते. ही एका ओळीची नोंद साहित्य तयार करणाऱ्यांकडून फार वेळा राहून जाते.

याचा अर्थ पीडीएफ टाकाऊ आहे असा मुळीच नाही. हजीऱ्यातल्या शिकणाऱ्याच्या अभ्यासात असे भाग येतात की ज्यांना ठरलेले पानच लागते. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेसाठी वाचले जाणारे स्टीम टेबल हे त्याचे चांगले उदाहरण आहे. निरपेक्ष दाब ८ बार असताना संपृक्त वाफेचे तापमान सुमारे १७० अंश सेल्सिअस असते, १० बारला सुमारे १८० आणि १२ बारला सुमारे १८८. हे कोष्टक सात-आठ स्तंभांचे असते आणि ते अरुंद पडद्यावर प्रवाही स्वरूपात मांडले की स्तंभ मोडून एकाखाली एक येतात, एका दाबाचा आकडा दुसऱ्याशेजारी दिसू लागतो, आणि वाचकाला चूक झाल्याचे कळतही नाही. रसायन प्रकल्पातील वाहिन्या, झडपा व मापकयंत्रे दाखवणारा जो आराखडा कारखान्यात पी-अँड-आय-डी म्हणून ओळखला जातो, त्याचेही तसेच आहे. तो पीडीएफमध्ये रेषांच्या स्वरूपात असावा, चित्राच्या नव्हे. रेषास्वरूपात, ज्याला व्हेक्टर म्हणतात, रेषेची दोन टोके आणि जाडी यांची नोंद असते, म्हणून आराखडा दसपट मोठा केला तरी झडपेचा क्रमांक धारदार राहतो. ठिपक्यांच्या चित्रात तोच क्रमांक फुटून जातो. सूत्रांच्या बाबतीतही, एचटीएमएलमध्ये गणितलेखनाची मॅथएमएल ही पद्धत उपलब्ध असली तरी प्रत्येक वाचन-अॅप ती नीट दाखवत नाही, त्यामुळे सूत्रबहुल प्रकरणांसाठी अजून पीडीएफवरच विसंबणे शहाणपणाचे आहे. एका अभ्यासक्रमाच्या सगळ्या भागांना एकच फॉरमॅट लावण्याचा आग्रह म्हणूनच चुकीचा ठरतो: विवेचन ईपबमध्ये, कोष्टके व आराखडे पीडीएफमध्ये, अशी वाटणी शिकणाऱ्याला सर्वांत सोयीची पडते.

व्याख्यानांच्या चित्रफितींचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एमपी-४ किंवा वेबएम ही नावे चित्र, आवाज आणि उपशीर्षके एकत्र ठेवणाऱ्या आवरणाची आहेत. आत चित्र कोणत्या रीतीने दाबले आहे ती रीत, म्हणजे कोडेक, वेगळी असते. २००३ मध्ये ठरलेला एच.२६४ हा कोडेक आज जवळजवळ प्रत्येक फोनच्या चिपमध्येच बसवलेला असतो. २०१३ चा एच.२६५ आणि २०१८ चा एव्ही-१ कमी जागेत तेवढेच चांगले चित्र देतात, परंतु जुन्या फोनात त्यांची सोय चिपमध्ये नसेल तर सारे गणित मुख्य प्रक्रियकाला करावे लागते, फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. जुना फोन असलेल्याने एमपी-४ आवरणातील एच.२६४ फीत निवडावी, हे बहुतेक वेळा योग्य ठरते.

डेटाचा हिशेब प्रत्येकाला स्वतः करता येतो. फितीचा वेग सेकंदाला एक मेगाबिट असेल तर तासाला ४५० मेगाबाइट लागतात; अर्धा मेगाबिट असेल तर २२५. तेच व्याख्यान केवळ आवाजाच्या रूपात, सेकंदाला ३२ किलोबिट वेगाने, ओपस या २०१२ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीने साठवले तर तासाला सुमारे साडेचौदा मेगाबाइट पुरतात आणि बोलणे स्पष्ट ऐकू येते. ज्या व्याख्यानात प्राध्यापक फळ्यावर काही सोडवून दाखवत आहे किंवा यंत्र उघडून दाखवत आहे तेथे चित्र हवेच. जेथे केवळ विवेचन आहे तेथे आवाज आणि शेजारी लिखित रूप एवढ्याने काम भागते. स्वयम्‌वरील अभ्यासक्रमांची रचनाच चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा अशा चार अंगांची आहे, त्यामुळे वाचनसाहित्य वेगळे उतरवून घेऊन फीत फक्त अडलेल्या जागी पाहणे शक्य होते. वायू आणि ज्वलनशील द्रव्ये हाताळल्या जाणाऱ्या विभागांत साधा मोबाइल नेण्यास सुरक्षेच्या कारणाने मनाई असते, कारण त्याच्या बॅटरीतून ठिणगी पडण्याचा धोका पत्करता येत नाही; तेव्हा कामाच्या जागी मधल्या वेळेत फीत पाहीन ही योजना तेथे उपयोगाची नाही, आणि जे ऐकायचे-वाचायचे ते घरच्या किंवा वसाहतीच्या वाय-फायवर आधीच उतरवून ठेवणे श्रेयस्कर.

फॉरमॅट किती काळ उघडत राहील याचाही विचार करावा लागतो. एकेकाळी हलती चित्रे व प्रश्नमंजूषा असलेले धडे फ्लॅश या पद्धतीत मोठ्या प्रमाणावर बनवले गेले. ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबीने तिचा आधार काढून घेतला आणि ते धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. उघड मानकांवर आधारलेल्या फॉरमॅटवर एका कंपनीची मर्जी चालत नाही, आणि भारत सरकारनेही २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी उघड मानकांचे धोरण स्वीकारले ते याच विचाराने. दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठी पीडीएफ-ए हा उपप्रकार २००५ पासून आहे. त्यात सर्व फॉन्ट फाइलच्या आत असणे बंधनकारक असते आणि बाहेरच्या कशावरही ती अवलंबून नसते.

फॉन्ट आत असण्याचे महत्त्व परीक्षेच्या आधी विशेष जाणवते, कारण तेव्हा पुष्कळ जण निवडक पाने छापून घेतात. वर्ड किंवा पॉवरपॉइंटची फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेली आणि तेथील संगणकात तो मराठी फॉन्ट नसला, तर बदली फॉन्ट लागतो, ओळी सरकतात, कोष्टक दुसऱ्या पानावर जाते आणि जुन्या फॉन्टातील मजकूर असेल तर रोमन अक्षरेच छापून येतात. म्हणून फाइल दुकानात नेण्याआधी ती मूळ संगणकावरच पीडीएफ करून घ्यावी, आणि पीडीएफ-वाचकाच्या माहितीखिडकीत प्रत्येक फॉन्टापुढे तो फाइलमध्ये बसवला असल्याची नोंद आहे का ते पाहावे. विवेचनाची पाने एका कागदावर दोन याप्रमाणे छापली तरी वाचता येतात आणि कागद निम्मा लागतो. स्टीम टेबल मात्र पूर्ण मापात, आडव्या पानावरच छापून घ्यावे.